वारा दोघांचा, तारेचं बिल कोणाचं?

एप्रिल २०२५मध्ये भारत आणि श्रीलंका यांनी आपापल्या वीजग्रिड (वीजवाहिन्यांची जाळी) एकमेकांना जोडण्याचा सामंजस्य करार केला. तेव्हापासून पुण्यात जिथे ऊर्जेवर चर्चा होते (आणि पुण्यात ती बरीच होते) तिथे एकच भांडण ऐकू येतं. एका बाजूला उत्साही मंडळी. उत्तर समुद्राभोवतीचे नऊ देश २०२३मध्ये बेल्जियममधल्या ओस्टेंडला जमले, २०५०पर्यंत समुद्रात ३०० गिगावॉट (म्हणजे तीन लाख मेगावॉट) पवनऊर्जा उभारायचं त्यांनी ठरवलं. मग तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात आपण श्रीलंकेबरोबर हेच का करू नये? दुसऱ्या बाजूला सावध मंडळी. आपल्या दिव्याचं बटण शेजाऱ्याच्या हाती द्यायचं? बांगलादेशाबरोबरच्या वीजव्यवहाराचं काय झालं ते विसरलात का? मग पहिले दुसऱ्यांना कूपमंडूक ठरवतात, दुसरे पहिल्यांना भाबडे, तेवढ्यात चहा येतो आणि विषय मेट्रोकडे वळतो.

हा वाद चुकीच्या जागी रंगला आहे. शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, यावर रात्रभर बोलता येईल, पण त्यातून एक मीटर केबलही टाकता येणार नाही आणि टाकू नये हेही ठरणार नाही. माझं म्हणणं असं की मन्नारच्या आखातातलं समुद्री पवनऊर्जेचं जाळं दोन्ही देशांनी एकत्र आखावं, आणि ते आत्ताच आखावं. कारण भारताच्या समुद्रात आज एकही व्यावसायिक पवनचक्की उभी नाही. मात्र त्या आखणीत नकाशाच्या आधी हिशेब व्हावा. खर्च कोणाचा, स्वस्त वीज कोणाला, टंचाईत आधी कोणाचा दिवा, आणि भांडण झालं तर निवाडा कोण करणार, हे लिहून झाल्याशिवाय कोणी समुद्रात जहाज पाठवू नये.

सामायिक ग्रिड म्हणजे नेमकं काय, हे या चर्चांमध्ये क्वचितच कोणी सांगतं. नेहमीच्या पद्धतीत समुद्रातल्या प्रत्येक पवनक्षेत्रातून एक केबल थेट आपल्या देशाच्या किनाऱ्यावर येते. वारा पडला की केबल रिकामी. समुद्रावरचा वारा जमिनीवरच्यापेक्षा चांगला, तरी वर्षाची सरासरी काढली तर ही महागडी केबल निम्म्याच्या आसपासच वापरली जाते. आता शेजारच्या देशाचं पवनक्षेत्र पंचवीसेक किलोमीटरवर असेल, तर दोन क्षेत्रांच्या मध्ये एक छोटा दुवा टाकायचा. वारा वाहत असेल तेव्हा वीज जिथे गरज आणि भाव जास्त तिकडे जाते. वारा नसेल तेव्हा त्याच वाटेने दोन देशांचा वीजव्यापार चालतो. डेन्मार्क आणि जर्मनी यांनी बाल्टिक समुद्रात हेच केलं. डेन्मार्कचं क्रीगर्स फ्लाक आणि जर्मनीचं बाल्टिक-२ ही क्षेत्रं त्यांनी सुमारे २०० मेगावॉटच्या दोन केबलनी जोडली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये त्या दुव्याचं उद्घाटन झालं. त्यात एक अडचण होती. वारंवारता दोन्हीकडे ५० हर्ट्झच, पण पूर्व डेन्मार्क स्वीडन-नॉर्वेच्या ग्रिडबरोबर चालतो आणि जर्मनी युरोपच्या मुख्य भूमीबरोबर. दोघांचा ठेका जुळत नाही. म्हणून जर्मनीत बेंटविशला एक स्थानक बांधलं, जे एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतं आणि तिथल्या तिथे पुन्हा एसी करतं. मराठी वाचकाला हे परग्रहावरचं वाटायला नको. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला नव्वदच्या दशकाअखेरीपासून असंच स्थानक आहे, ते पश्चिम आणि दक्षिण ग्रिडमध्ये वीज देवघेव करण्यासाठी बांधलं गेलं.

या यशोगाथेच्या दोन गोष्टी उत्साही मंडळी सांगत नाहीत. पहिली, आखणीत सुरुवातीला स्वीडनही होता. २०१०मध्ये तो बाहेर पडला, तिघांचं दोघांवर आलं. दुसरी जास्त बोलकी आहे. युरोपीय संघाचा नियम असा की सीमेवरच्या तारेची किमान ७० टक्के क्षमता व्यापाराला खुली हवी. इथे तर तार मुळात पवनचक्क्यांसाठी होती. वारा जोरात असेल तेव्हा व्यापाराला जागा उरतेच किती? तेव्हा या एका तारेपुरता नियमाला अपवाद मागावा लागला आणि तो २०२०च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला, म्हणजे उद्घाटनानंतर. युरोपासारख्या कागदोपत्री काटेकोर ठिकाणीही तार पुढे आणि नियम मागे, अशी वरात निघाली.

त्यानंतरचं चित्र तर आणखी खडबडीत आहे. उत्तर समुद्रात कृत्रिम ऊर्जाबेट बांधण्याची डेन्मार्कची मोठी घोषणा २०२४मध्ये लांबणीवर पडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेन्मार्कने समुद्री पवनऊर्जेची ३ गिगावॉटची निविदा काढली, त्यावर एकही बोली आली नाही. बेल्जियमच्या प्रिन्सेस एलिझाबेथ बेटाचा खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीवर गेला. व्याजदर वाढले, पोलाद महागलं, हे खरंच. पण त्याखाली एक जुना पेच आहे: वारा एका देशाच्या समुद्रात, बेट त्याच्याच पैशाने, आणि ग्राहक दुसऱ्या देशातला. सोसायटीत लिफ्ट बसवताना तळमजल्यावाला विचारतो ना, मी वर्गणी का देऊ? हा प्रश्न कद्रूपणाचा नाही, रास्त आहे, आणि सर्वसाधारण सभेत त्याचं उत्तर न देता लिफ्ट बसवली की पुढची दहा वर्षं जिन्यात कोणी कोणाशी बोलत नाही.

नॉर्वेचं उदाहरण इथे नीट पाहायला हवं, कारण सावध मंडळींचा सर्वात भक्कम मुद्दा त्यात आहे, जरी तो ते मांडत नसले तरी. नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी जलविद्युत, स्वस्त, पिढ्यान्‌पिढ्यांची. २०२१मध्ये जर्मनीला जोडणारी नॉर्डलिंक आणि ब्रिटनला जोडणारी नॉर्थ सी लिंक, प्रत्येकी १,४०० मेगावॉटच्या दोन केबल सुरू झाल्या. त्याच सुमारास युरोपात गॅस भडकला, आणि केबलमधून वीज बाहेर जाता जाता बाहेरचा भाव आत आला. दक्षिण नॉर्वेतल्या घरांची बिलं उत्तरेच्या कितीतरी पट झाली. सरकारला एका मर्यादेवरच्या बिलाचा मोठा हिस्सा तिजोरीतून भरावा लागला. शेवटी जानेवारी २०२५मध्ये युरोपीय संघाच्या ऊर्जानियमांवरून सत्तेतला एक पक्षच सरकारबाहेर पडला. शेजारच्या स्वीडनने त्याआधीच, २०२४मध्ये, जर्मनीला जाणाऱ्या ७०० मेगावॉटच्या नव्या केबलला नकार दिला होता. आमच्या दक्षिणेत भाव वाढतील, हेच कारण. यात कोणी कोणाचा विश्वासघात केला नव्हता. जर्मनीने पैसे बुडवले नाहीत, ब्रिटनने तार तोडली नाही. सगळं करारानुसार चाललं होतं, आणि तरीही माणसं चिडली, कारण आपल्या धबधब्याचा फायदा आपल्याला कसा मिळणार याचं कलम सामान्य ग्राहकासाठी कोणी लिहिलंच नव्हतं.

पुणेकराला हे समजायला ऑस्लोला जायची गरज नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना मुळशीच्या धरणाकडे आपण मोबाइल रोखतो. ते पाणी पूर्वेला पुण्याकडे येण्याऐवजी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याला उतरतं, आणि तिथली वीज शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांसाठी निघाली. मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली, उजेड मुंबईला पडला. १९२१मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह झाला, तो विजेविरुद्ध नव्हता. ज्यांची जमीन घेतली त्यांना त्या व्यवहारात भागीदार कोणी मानलंच नाही, भरपाई घ्या आणि उठा एवढंच सांगितलं, त्याविरुद्ध होता. मुळशी ते मुंबई हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, राज्य एक, भाषा एक. तिथेही हे झालं. मग दोन देशांमध्ये कलम न लिहिता निभेल असं आपल्याला का वाटतं?

उलट बाजूचा अनुभवही पुण्याचाच आहे. २००६च्या सुमारास राज्यभर भारनियमन चालू असताना पुणे त्यातून सुटलं. इथल्या कारखान्यांकडे स्वतःचे वीजसंच होते. मागणी चढेल त्या वेळी त्यांनी ते चालवायचे, ग्रिडवरची तेवढी वीज शहराला मोकळी करायची, आणि त्या महागड्या विजेचा जादा खर्च जास्त वापर असलेल्या ग्राहकांनी अधिभार म्हणून सोसायचा, अशी ती योजना होती. वीज नियामक आयोगाने सुनावणी घेऊन ती मान्य केली. पुणेकर खिशात हात घालायला नाखूश असतो अशी ख्याती असूनही लोकांनी अधिभार दिला. कारण कशासाठी देतोय आणि बदल्यात काय मिळतंय हे आधी ठरलं होतं. पुण्याचे लाड म्हणून राज्यात नाकं मुरडली गेली, तो भाग वेगळा.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि तांत्रिकदृष्ट्या सर्वात चांगला आक्षेप असा: युरोपात एका टोकाला वारा पडला तर दुसऱ्या टोकाला वाहत असतो, म्हणून जाळ्याचा उपयोग. भारताचं धनुष्कोडी आणि श्रीलंकेचं तलैमन्नार यांच्यात जेमतेम तीस किलोमीटर. नैर्ऋत्य मोसमी वारा दोन्हीकडे एकदमच जोर धरतो आणि एकदमच पडतो. मग जोडून काय साधणार? हे खरं आहे, आणि वाऱ्याची सरासरी निघेल म्हणून हा प्रकल्प करा असं कोणी सांगत असेल तर त्याने हवामानाचा तक्ता पाहिलेला नाही. पण दोन ग्रिडच्या आकारातला फरक पाहा. श्रीलंकेची सर्वोच्च मागणी अडीच-पावणेतीन हजार मेगावॉटच्या घरात. आपल्या एका कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. जागतिक बँकेच्या आराखड्यानुसार श्रीलंकेच्या समुद्रात तांत्रिकदृष्ट्या ५६ गिगावॉट पवनऊर्जा शक्य आहे. एवढा वारा आणि एवढीशी मागणी! भारताची सर्वोच्च मागणी मे २०२४मध्ये २५० गिगावॉटवर गेली होती. आखातात हजार मेगावॉटचं एक पवनक्षेत्र उभं राहिलं तर श्रीलंकेला ते एकट्याने पचणार नाही, भारताला ते जाणवणारही नाही. ग्रिड लहान असणं म्हणजे काय, हे ९ फेब्रुवारी २०२५च्या रविवारी दिसलं. पानदुराच्या उपकेंद्रात एक माकड शिरलं आणि सगळा देश अंधारात गेला. जग हसलं, पण माकड निमित्त होतं. रविवारची सकाळ, मागणी कमी, छपरांवरच्या सौरविजेचा भर, धक्का सोसणारी मोठी फिरती यंत्रं थोडी. अशा ग्रिडला शेजारी लागतो.

मग तिकडच्या माकडाने मदुराईत अंधार होईल का? हा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण तो गंभीर आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ला एका तारेवरचा ताण पसरत गेला आणि साठ कोटींहून अधिक लोक राहतात तो प्रदेश काळोखात बुडाला; जोडलेली ग्रिड एकत्र कोसळू शकते हे आपण भोगलं आहे. त्यावर उत्तर हे की नियोजित जोडणी डीसी आहे. डीसी दुव्यातून ठरवाल तेवढीच वीज जाते, पलीकडची वारंवारता ढासळली तरी ती इकडे वाहून येत नाही. बांगलादेशाशी भेरामारा इथे २०१३पासून आपण असेच जोडलेले आहोत.

दुसरा आक्षेप: युरोपातले देश लहान, त्यांना एकमेकांची गरज, भारत स्वतःच खंडप्राय, आपल्याला कशाला? याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू होईपर्यंत दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात नव्हती. तोवर वीजबाजारात दक्षिणेला अनेकदा उत्तरेपेक्षा बराच चढा भाव मोजावा लागे, कारण वीज होती पण वाट नव्हती. दक्षिणही खंडाएवढीच होती ना? आकार मोठा असल्याने वाटेची गरज संपत नाही. हां, श्रीलंकेकडून भारताला मिळणारा मेगावॉटचा फायदा छोटा असेल, हे मी मान्य करतो. भारताचा मुख्य लाभ वेगळा आहे: बंदर, खांब रोवणारी जहाजं, समुद्रतळाची पाहणी, किनाऱ्यावरची उपकेंद्रं यांचा खर्च एका हजार मेगावॉटवर टाकायचा की चार-पाच हजारांवर? केंद्राने जून २०२४मध्ये गुजरात आणि तमिळनाडूतल्या पहिल्या १,००० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. एवढं अनुदान लागतं याचा अर्थच असा की छोट्या प्रमाणावर हे परवडत नाही.

तिसरा आक्षेप याच पैशाचा. सौरवीज अडीच-तीन रुपयांना मिळत असताना समुद्रात कशाला उतरायचं? उतरू नका, मी म्हणेन. निदान घाईने नको. पण आखणी आणि उभारणी यांत गल्लत करू नका. ब्रिटनने ती केली. तिथे प्रत्येक पवनक्षेत्राने स्वतःची केबल स्वतःच्या वाटेने किनाऱ्यावर आणली, पूर्व इंग्लंडच्या गावांमध्ये पुन्हा पुन्हा चर खणले गेले. मग २०२०मध्ये तिथल्या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने हिशेब मांडला: एकत्रित आखणी लगेच सुरू केली तर २०५०पर्यंत सुमारे ६ अब्ज पौंड वाचतील, २०३०पर्यंत थांबलात तर बचत निम्म्यावर येईल. समुद्रात काही उभं नसण्याचा फायदा एकदाच मिळतो. रामेश्वरमच्या बाजूला पहिलं उपकेंद्र बांधताना पुढच्या दुव्यासाठी जागा ठेवायची की नाही, हा निर्णय आज कागदावर जवळजवळ फुकट आहे.

आता सुरक्षितता. डिसेंबर २०२४मध्ये, नाताळच्या दिवशी, फिनलंड आणि एस्टोनियामधली एस्टलिंक-२ ही केबल तुटली; संशय एका तेलवाहू जहाजाच्या नांगरावर. दुरुस्तीला महिने लागले. दिवे मात्र गेले नाहीत, कारण एस्टोनियाला इतर वाटा होत्या. आणि दीडच महिन्यानंतर, फेब्रुवारी २०२५मध्ये, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांनी सोव्हिएत काळापासूनची रशियाशी असलेली जोडणी तोडली आणि पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडशी ठेका जुळवला. एका शेजाऱ्याच्या मुठीतून सुटायला त्यांना दुसऱ्या शेजाऱ्यांच्या तारा लागल्या. बांगलादेशाचा दाखलाही नीट वाचला तर तेच सांगतो. झारखंडमधल्या गोड्ड्याचा अदानी समूहाचा १,६०० मेगावॉटचा प्रकल्प एका विक्रेत्याचा, एका खरेदीदारासाठी, एकाच दिशेने वीज वाहणारा. ऑगस्ट २०२४मध्ये ढाक्यात सत्ता पालटली, भारताने लगेच नियम बदलून अशा प्रकल्पांना देशात वीज विकायची मुभा दिली, थकबाकी वाढली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुरवठा निम्म्यावर आला. त्याच नोव्हेंबरमध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशात पोहोचली. आकडा किरकोळ आहे. पण तिघांनी मिळून केलेला तो करार सत्तांतरानंतरही पार पडला, आणि एकट्या कंपनीचा करार अडखळला.

म्हणून कलमांबद्दल हट्ट. नर्मदा लवादाने १९७९मध्ये सरदार सरोवराची वीज वाटून दिली: मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७, गुजरात १६ टक्के. धरणाची भिंत उभी राहण्याच्या कितीतरी आधी. नंतर राज्यांची भांडणं खूप झाली, पण या आकड्यांच्या चौकटीत झाली. त्याच निवाड्यात पुनर्वसनाचीही कलमं होती, आणि नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या माणसांना त्यांच्यासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं. तेव्हा कलम लिहिलं की काम झालं असं मी म्हणत नाही. कलम असलं की निदान कशासाठी झगडायचं ते हाताशी असतं. मुळशीच्या मावळ्यांकडे तेही नव्हतं.

मन्नारमध्ये उलट्या मार्गाने जाण्याची किंमत आधीच दिसली आहे. श्रीलंकेतल्या मन्नार आणि पुनेरिनला ४८४ मेगावॉटचा किनाऱ्यावरचा पवनप्रकल्प अदानी समूहाकडे गेला, खुली स्पर्धा न होता. २०२४मध्ये युनिटला ८.२६ अमेरिकी सेंट दर मान्य झाला, दरावरून आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या मार्गावरून वाद पेटला, सरकार बदललं, फेरविचार सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने माघार घेतली. भारत-श्रीलंका सहकार्य म्हणून ज्याचा गवगवा झाला त्यातून एक पंखाही फिरला नाही.

आणि या सगळ्यात एक पक्ष असा आहे ज्याला पुण्यातल्या चर्चेत कोणी बोलावत नाही, दिल्ली-कोलंबोतही नाही. १९७४ आणि १९७६च्या करारांनी या समुद्रात सीमारेषा आखली तेव्हा तमिळ मच्छीमारांना कोणी विचारलं नव्हतं. आजही रामेश्वरमच्या बोटी पकडल्या जातात आणि पलीकडचे मच्छीमार तळ खरवडून नेणाऱ्या आपल्या ट्रॉलरबद्दल तितकेच संतापलेले आहेत. पवनक्षेत्र येणार ते याच पाण्यात. खांबांमधून बोट नेता येईल का, केबलवर जाळं टाकता येईल का, बांधकामाची दोन वर्षं मासेमारी बंद राहिली तर घर कशावर चालेल, हे प्रश्न दोन्ही काठांवर एकच आहेत. ते सोडवायला रामेश्वरम आणि मन्नार इथल्या संघटनांना एकाच टेबलाशी बसवावं लागेल, आणि ती बैठक समुद्रतळाची निविदा निघायच्या आधी घ्यावी लागेल.